गोजरामावशीची सावड

१९ जानेवारी २०२५, रविवार

मावशीने आज सांभाळायला ठेवलेल्या तिसऱ्या बाईला घालवलं. पहिली गेली शिव्यांना कंटाळून. दुसरी टीव्ही मोठ्याने लावायची, तिला मावशीने चमचा फेकून मारला. आजच्या बाईने मऊ खिचडी पुढे केली, एवढाच तिचा गुन्हा. वाटी भिंतीवर, खिचडी कॅलेंडरवर आणि बाई गल्लीत. मावशीचा उजवा हात शाबूत राहिला ही देवाची कृपा की आमची परीक्षा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता ती झोपली आहे. बोलायला दुसरं कुणी नाही, म्हणून लिहायला बसले.

मी तिची कुणी लागत नाही. नवऱ्याचं घर सोडून वाईहून इकडे नोकरीला आले, तेव्हा अख्ख्या नेरूळमध्ये एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. सोसायट्यांचे सेक्रेटरी आधी गळ्याकडे बघायचे, मंगळसूत्र नाही म्हटल्यावर खोलीही नाही. शेवटी करावे गावात, ह्या घरासमोर येऊन उभी राहिले. गोजरामावशी ओट्यावर सुके बोंबील निवडत बसली होती. तिने एकच विचारलं, "भात खातस का भाकरी?" मी म्हटलं, दोन्ही. "मग वरची खोली घे." त्याला अकरा वर्षं झाली. दुसरा प्रश्न तिने अजून विचारलेला नाही. एवढं मोठं मन मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

ऑक्टोबरात तिला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं जड झालं, मधूनच जुनं आणि नवं एकत्र होतं. तिला मूलबाळ नाही. पुतण्या हितेश उरणला कंटेनर यार्डात कामाला आहे, एक रविवार सोडून एक येतो, औषधं आणून देतो. आज भिंत पुसता पुसता म्हणाला, "अबोलीताई, असं कुठवर चालणार? पनवेलजवळ एक संस्था आहे, बघून आलो मी. चांगली आहे. शिमगा झाला की बेड रिकामा होईल म्हणतात."

"काकीला विचारलंस?"

"काकीला विचारून काय होणार, ताई? तिला सांभाळायला कोण आहे?"

मी आहे, म्हटलं. त्याने फडकं पिळलं. मुलगा चांगला आहे, तीच पंचाईत आहे. वाईट असता तर सरळ भांडता आलं असतं.

२३ जानेवारी, गुरुवार

बेलापूरला ज्या वकिलांकडे मी टायपिंग आणि फाइली बघते, त्यांनी आज केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, तेव्हाच समजले. मावशी पडल्यापासून मी अर्धा दिवस जाते. दुपारी ती झोपते त्या वेळात कोर्टाची कामं उरकून धावत परत येते. "एक एप्रिलपासून पूर्ण वेळ या," साहेब म्हणाले, "नाहीतर मला दुसरी मुलगी बघावी लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट कसलं वाटून घ्यायचं, त्यांचं चुकत नाही. पण मी पूर्ण वेळ गेले की दिवसा मावशीजवळ कुणी नाही, आणि कुणी नाही म्हटलं की हितेश तिला संस्थेत नेणार. मावशीला ओटा लागतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला टोकायला लागतं, मासळीवाल्याशी भांडायला लागतं. संस्थेत ती अंथरुणावर नीट झोपवलेली, स्वच्छ, केस विंचरलेली असेल आणि थोड्याच दिवसांत मरेल. मला तिला इथंच ठेवायचं आहे. कसं ते माहीत नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

हॉस्पिटलमधल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी चिठ्ठी दिली होती, म्हणून आज एका बैठकीला गेले. घरात आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांचा एक गट आहे, सेक्टरातल्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा भरतो. गट चालवणारी प्रिया आमच्याच गावातली निघाली, मालतीबाईंची सून. मालतीबाई म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहतात त्या. भजनी मंडळाच्या पुढारी. कुणाच्याही घरात काय शिजतंय ते त्यांना घरच्या बाईच्या आधी कळतं.

प्रियाने एकेकाला बोलायला सांगितलं. माझ्यासमोर हारुनभाई म्हणून एक गृहस्थ बसले होते. मूळचे उरणकडचे, बंदरावरून रिटायर झालेले. त्यांच्या पत्नी नूरजहाँ, त्यांना कंपवाताचा आजार आहे. आंघोळ, जेवण, औषध, सगळं हेच करतात. प्रियाने विचारलं, कुणाची मदत? ते म्हणाले, "नाही. सगळं बरोबर चाललंय. अल्लाची मेहरबानी." शर्ट कडक इस्त्रीचा, फक्त एक बटण चुकीच्या काजात गेलेलं. मला ते फार आवडले. असं जगावं माणसाने, स्वतःच्या जिवावर.

माझी पाळी आली. प्रिया म्हणाली, "ताई, गावातल्या बायका येतील की दिवसा. विचारू का मी?"

मी सरळ नाही म्हटलं. मग उगाच लांबण लावली. आमच्या वाईकडे भाताच्या लावणीला सावड असते, ते सांगितलं. आज तुम्ही माझ्या शेतात राबलात की उद्या मी तुमच्या शेतात राबायचं. घेतलेला दिवस फेडेपर्यंत माझ्या वडिलांना झोप लागायची नाही. एकदा एकाने फेडीचा दिवस नको म्हटलं, तर वडील त्याच्या बांधावर जाऊन बसले, मला ऋणात ठेवतोस काय म्हणून. "तर मी कुणाचा दिवस घेतला तर फेडणार कधी आणि कुठून? मला जमणार नाही," म्हटलं.

सगळे ऐकत होते. हारुनभाईंनी मान डोलावली. प्रियाने वाद घातला नाही, नुसतं "अच्छा, सावड," म्हणाली. शहाणी मुलगी आहे, माणसाचा स्वभाव समजून घेते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पाठ धरली आहे. मावशीला कुशीवर वळवताना माझ्याच तोंडून शिवी गेली. ती खुदकन हसली. म्हणाली, "आता आलीस मानसात."

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज जे झालं ते लिहून ठेवलंच पाहिजे.

सकाळी मावशीला पुसून, कपडे बदलून होतंय तोवर मालतीबाई दारात. नऊवारी, डोक्यात अबोलीचा गजरा, हातात तांदळाच्या भाकऱ्या बांधलेलं फडकं. आत आल्या, मावशीच्या पायाशी बसल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गोजराबाय, तुजा येक दिवस माज्याकडं ऱ्हायलाय गो. फेडाला आलंय."

मला काही कळेना. त्या म्हणाल्या, "अगो, शेतां व्हती तवा आमच्या लावनीला ही आख्खा दिवस चिखलात व्हती. मी नवी नवरी. आता हिच्या शेतावं आमी जानार, त ते सरकारनं जमिनी घेतल्या. ऱ्हायलंच मंग. ते काय बोलतात त्याला..." थोडं थांबल्या. "सावर. सावड. तर ती सावड माज्यावर ऱ्हायली. माजी सासू मरताना पन बोलली, गोजराचा दिवस फेड."

मी म्हटलं, मालतीबाई, इतक्या वर्षांनी कशाला. तर एकदम माझ्याकडे वळल्या. "तुला कोन देतंय? तुज्यावर उपकार नाय करत मी. तिचा हाय दिवस. तू नको बोलनारी कोन?"

बरोबरच होतं. मावशीचं येणं मी कुठल्या तोंडाने नाकारणार? वडील डोळ्यांसमोर उभे राहिले. मी बाजूला झाले आणि दिवसभरासाठी ऑफिसला गेले, किती तरी महिन्यांनी. परत आले तर मावशी ओट्यावर खुर्चीत. केसांना तेल, कपाळावर कुंकू, आणि दोघी मिळून समोरच्या बिल्डरला नावं ठेवतायत.

इतकी वर्षं एक दिवसाचं देणं मनात जपून ठेवणारी ही बाई, आणि मी तिला चोंबडी समजत होते. माझी मलाच लाज वाटली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मालतीबाई एकट्या नाहीत. अख्ख्या भजनी मंडळावर मावशीचे दिवस राहिलेत असं निघालं. रोज एकजण येते. मालतीबाईंनी पाळ्या लावून दिल्यात आणि त्यांच्यापुढे बोलायची कुणाची छाती नाही.

सोमवारी आलेली बाई म्हणाली, मावशीचं शेत खाडीच्या अंगाला होतं. काल आलेली म्हणाली, स्टेशन आहे ना, तिथं. आज जी आली ती अलिबागकडची, लग्न होऊन इकडे आली तेव्हा गावात मोठ्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. तिला विचारलं, तुम्ही कधी केलीत लावणी? ती गडबडली आणि "सासूची," म्हणाली. म्हणजे देणं सासूकडून सुनेकडे आलं. आमच्या वाईलासुद्धा इतकं कडक नव्हतं. शेताच्या जागेचं म्हणाल, तर इतक्या वर्षांत सगळं उलटंपालटं झालेलं, जागा कुणाच्या लक्षात राहणार?

ह्या गावाला मी अकरा वर्षं नुसतं भाड्याचं गाव समजत होते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मावशी बरी आहे. वॉकरला धरून पलंगापासून दारापर्यंत गेली. डावा पाय ओढत, मला आणि पायाला आळीपाळीने शिव्या देत.

दुपारी तिच्या हाताची नखं काढताना सहज म्हटलं, "मावशी, तुमच्या शेतात भात चांगलं यायचं का?"

"कंचं शेत?"

"तुमचं. खाडीजवळचं."

"आमचं कंचं शेत? आमी मिठागरावं. उनात पायाची सालटां निघायची." आणि पाय पुढे केला, जणू सालटं अजून तिथं आहेत.

वाईट वाटलं. डॉक्टर म्हणाले होतेच, जुनं-नवं मिसळेल. तीच ना पूर्वी ओट्यावरून हात करून सांगायची, आमचं सगळं ह्या रस्त्याखाली गेलं म्हणून. स्वतःचं शेतही बिचारी विसरत चालली. मी वाद घातला नाही. बायकांना मात्र हे सांगायचं नाही असं ठरवलं. ज्यांनी इतकी वर्षं तिचं शेत लक्षात ठेवलं, त्यांना तिनेच नाही म्हणावं, हे बरं दिसत नाही.

२ मार्च, रविवार

चार दिवस लिहिता आलं नाही. हॉस्पिटलमध्ये होतो.

बुधवारी मालतीबाईंची पाळी होती. मावशीने त्यांच्यामागे भुणभुण लावली, भाकरी आणि सुकटीचं कालवण पाहिजे. मावशीला गिळायला त्रास होतो. पाणीसुद्धा पावडर घालून दाट करून द्यायचं, जेवण मऊ, घास उजव्या गालात, हनुवटी खाली. हे सगळं मी सांगून ठेवलेलं. पण मालतीबाईंना वाटलं, किती दिवस म्हातारीने पेजच खायची? भाकरी कुस्करून चारली, वर तांब्यातलं साधं पाणी पाजलं. ठसका लागला तो थांबेना, रात्रीपर्यंत ताप. अन्न छातीत गेलं होतं.

मी मालतीबाईंना हॉस्पिटलच्या दारात नको नको ते बोलले. फेडायचं म्हणून मारायचं का, असंही बोलले. त्या उभ्या राहून ऐकत होत्या. एक शब्द उलटा नाही.

आज सोडलं मावशीला. तिला घरी आणल्यावर हितेश म्हणाला, "ताई, आता बस. मी संस्थेत सांगितलंय. होळीला येतो, दुसऱ्या दिवशी नेतो काकीला." मावशी आतून ऐकत होती. तिने भिंतीकडे तोंड केलं. शिवी दिली नाही, ह्याचीच मला भीती वाटली.

३ मार्च, सोमवार

आज कुणी येणार नाही असं धरून साहेबांना फोन केला होता. सकाळी दार वाजलं. मालतीबाई.

मी दारातच उभी. त्या म्हणाल्या, "चूक माजी हाय. मना शिकव."

"काय शिकवू?"

"कसं भरवाचं ते. आमी पोरांना भरवलं, म्हातारीला नाय भरवलं कंदी. मना वाटलं सोपं हाय."

मी काही बोलायच्या आत त्या मावशीच्या पलंगाशी जाऊन बसल्या, वाटी हातात घेऊन. मग मी शिकवलं. किती दाट, किती छोटा घास, गिळला की नाही हे गळ्याकडे बघून कसं ओळखायचं. इतकी मोठी बाई, गावात जिच्यापुढे नगरसेवकाच्या घरचे गप्प बसतात, माझ्यासमोर शाळकरी मुलीसारखी "आता देऊ?" विचारत होती. मावशीने पहिला घास गिळला तेव्हा मालतीबाईंनी पदराने डोळे पुसले. मीही पुसले. मावशी म्हणाली, "रडता काय दोगी, मीठ नाय पेजंत."

चूक झाल्यावर तोंड लपवणारी माणसं मी ऑफिसात रोज बघते. चूक झाल्यावर त्याच दारात पुन्हा येऊन उभं राहायला काय लागतं, ते माझ्यात आहे की नाही, मला शंका आहे.

८ मार्च, शनिवार

मालतीबाईंनी सगळ्या मंडळाला आमच्या ओट्यावर बसवून भरवायचं शिकवलं. एकमेकींना भरवून बघितलं. अलिबागवालीला हसता हसता खरोखरच ठसका लागला. प्रिया येऊन कुशीवर कसं वळवायचं ते दाखवून गेली. माझी पाठ का धरली होती तेही कळलं, मी चुकीचीच वाकत होते.

पण हितेशचा फोन नाही. मावशीची कपड्यांची पिशवी भरायला काढली आणि परत ठेवली.

१४ मार्च, शुक्रवार

काल होळी. संध्याकाळी हितेश आला. गल्लीतून चाकाची खुर्ची येत होती, आत मावशी नवं पातळ नेसून, मागे ढकलायला मालतीबाई, आजूबाजूला सगळं मंडळ. होळीला नैवेद्य दाखवून परत येत होत्या. मावशीने पुतण्याला बघितलं आणि लांबूनच सुरू झाली, हा काय शर्ट, जत्रेतला पाळणावाला दिसतोस. हितेश हसायला लागला. झटका आल्यापासून त्याला इतकं मनापासून हसताना मी पाहिलं नव्हतं.

घरात मालतीबाईंनी तिला भरवलं. हनुवटी खाली, छोटा घास, गळ्याकडे लक्ष. हितेश दाराला टेकून बघत होता. मग मला बाहेर घेऊन गेला. म्हणाला, "उद्या सकाळी गाडी सांगितली आहे."

माझ्याकडे एकच मुद्दा होता, तो मी मांडला. म्हटलं, "हितेश, ह्या बायका उपकार म्हणून येत नाहीत. तुझ्या काकीची सावड आहे त्यांच्यावर. लावणीचे दिवस फेडतायत त्या. तू काकीला नेलंस तर त्यांचं देणं तसंच राहील. असं कुणाला ऋणात ठेवू नये."

"लावणी? कुणाच्या शेतात?"

"काकीच्या."

"ताई, काकीकडे शेत कुठं होतं? आमचे सगळे मिठागरावर. काका, आजोबा, सगळे. भाताचं एक रोप काकीने लावलेलं नाही आयुष्यात. मालतीकाकूला चांगलं माहीत आहे, तिचं माहेर आमच्या मिठागराला लागून."

मी ओट्याच्या पायरीवर बसले. एकेक आठवायला लागलं. मालतीबाईंना न सापडणारा तो शब्द. अलिबागवालीची गडबड. खाडीजवळचं आणि स्टेशनजवळचं शेत. मावशीने पुढे केलेला पाय. आणि "अच्छा, सावड," म्हणणारी मालतीबाईंची सून. माझंच भाषण, माझंच शेत, माझेच वडील, सगळं घेऊन त्यांनी मला बांधलं होतं आणि मी त्यांच्या प्रामाणिकपणाची तारीफ ह्या वहीत लिहीत बसले होते.

हितेशही माझ्या शेजारी बसला. आतून मावशीचा आवाज येत होता, मीठ कमी, मीठ कमी.

"म्हणजे हे त्यांनी नुसतं बनवलं?" त्याने विचारलं. "तुम्ही मदत घेत नाही म्हणून?"

मी मान डोलावली.

बराच वेळ तो फोनशी खेळत होता. मग कुणाला तरी फोन लावला आणि म्हणाला, सकाळची गाडी नको. दुसरा संस्थेला लावला. बोलताना त्याचा आवाज फुटला, तो खोकल्यावर घातला त्याने. फोन ठेवून म्हणाला, "मी नातेवाईक असून बेड शोधत होतो. ह्या बाया कारणं शोधत होत्या. राहू दे काकीला इथंच. रविवारी मी येणार, दर रविवारी. माझा पण एखादा दिवस राहिला असेल बघा."

१७ मार्च, सोमवार

मालतीबाईंना काही बोलले नाही. काय बोलणार? पाया पडले असते तर आवडलं नसतं, आणि खोटं का बोललात म्हणून विचारणं तर शुद्ध कृतघ्नपणा.

आज निघताना मी विचारलं, "अजून किती राहिले हो तुमचे?"

त्यांनी पिशवी काखेला लावली, माझा चेहरा नीट बघितला. कळलं असावं त्यांना. म्हणाल्या, "बरंच हाय. तवा लावनी लांबलेली गो."

"पाऊस कमी असेल त्या वर्षी," मी म्हटलं.

"हां. तसंच," म्हणाल्या आणि गेल्या.

१ एप्रिल, मंगळवार

पूर्ण वेळ ऑफिस सुरू. साहेबांनी पुन्हा चहा मागवला. पण नुसताच चहा होता.

५ एप्रिल, शनिवार

गटाची बैठक. ह्या वेळी मी बोलले, मदत घेते म्हणून. प्रिया खाली बघून हसत होती.

हारुनभाई उशिरा आले आणि लवकर निघाले. दाढी वाढलेली. पायात दोन वेगवेगळ्या चपला, एक काळी, एक तपकिरी. प्रियाने विचारलं, शेजारच्या बाई बसतील का नूरजहाँभाभींजवळ? ते म्हणाले, "सगळं बरोबर चाललंय." ह्याच वाक्यावर मी फेब्रुवारीत भाळले होते. आज ते ऐकवेना.

मी मागितल्याबरोबर प्रियाने त्यांचा पत्ता दिला. कशाला पाहिजे, हेही विचारलं नाही.

१३ एप्रिल, रविवार

हितेश मावशीजवळ बसला, म्हणून सकाळीच हारुनभाईंकडे गेले. दुसरा मजला. दार त्यांनी अर्धंच उघडलं. आतून दूध उतू गेल्याचा वास येत होता, आणि कुणीतरी बारीक आवाजात त्यांना बोलावत होतं.

"ताई? इकडे कुठं?"

मी रिक्षात पाठ केलं होतं ते म्हटलं. "आमच्या गोजरामावशीने पाठवलंय. तुमच्या आईने त्यांच्या लावणीला एक दिवस दिला होता. तो फेडायचा राहिलाय. मावशीला येता येत नाही, म्हणून मी आले."

बोलताना मी जराही अडखळले नाही, चांगल्या हाताखाली शिकले आहे. बोलून झाल्यावर मात्र आठवलं की माझं सावडीचं भाषण ह्या माणसाने समोर बसून, मान डोलावत, अख्खं ऐकलं होतं. पाय मागे घ्यावा असं वाटलं, पण चूक झाल्यावरही मालतीबाई पुन्हा दारात उभ्या राहिल्या होत्या ते डोळ्यांसमोर आलं आणि उभी राहिले.

हारुनभाई दाराची कडी धरून उभे होते. डोळे लाल, झोप नसलेले. मग विचारलं, "कुठं होतं तुमच्या मावशीचं शेत?"

"खाडीच्या अंगाला."

"अच्छा. खाडीला." त्यांनी कडीवरचा हात काढला. "मग आली असेल आमची आई. तिला खाडीची सवय होती."

आणि दार पूर्ण उघडून बाजूला झाले.

"चपला आत काढा, ताई," म्हणाले. "बाहेर ठेवू नका. खालचा कुत्रा एक-एक नेतो."